मातीसकट जुडी

जुडी उचलली की मावशी आधी ती दोनदा झटकायची. पाण्याचे थेंब समोरच्या गिऱ्हाइकाच्या अंगावर उडायचे, एखाद्याच्या चष्म्यावर जाऊन बसायचे. मग त्याच जुडीतली एक काडी मोडून ती तोंडात टाकायची, डोळे बारीक करून चावायची आणि जुडी पुढे करायची. "मी खाल्लं, आता तू खाय." गिऱ्हाईक कचेरीतला साहेब असो की मंडईतला हमाल, वाक्य तेच आणि सगळ्यांना "तू"च.

आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात. बुलडाण्याच्या भाजीबाजारात सांभार विकणाऱ्या बायांना तोटा नाही, पण मावशीचा सांभार लांबून ओळखू यायचा. मुळांना मातीचा कण नाही, पानं आत्ताच न्हाऊन आल्यासारखी. मुळे पांढरेशुभ्र, मेथी लखलखीत. देऊळघाटला तिचं वावर होतं, वावरात विहीर, विहिरीच्या काठाला सिमेंटचं उघडं टाकं. पहाटे भाजी उपटायची, टाक्यात चांगली बुचकळून काढायची, ओल्या पोत्यात गुंडाळायची आणि पहिला ऑटो धरून बाजारात यायचं, हा तिचा नेम. शेजारच्या बाया माती लागलेल्या जुड्या मांडायच्या तेव्हा ती नाक मुरडायची. "आंघोय केल्याबिगर माणूस बाजारात येते का? मंग भाजीनं काऊन यावं?"

तिची बसायची जागा म्हणजे माझ्या जिन्याची खालची पायरी. वरच्या मजल्यावर माझी रक्त-लघवी तपासायची लॅब. तुमच्या गावातही अशी एखादी असेलच, अरुंद जिना, वर दोन खुर्च्या आणि एक टेबल. या धंद्यात येणारं गिऱ्हाईक कसं येतं ते तुम्ही नीट पाहा. रक्त द्यायचं असेल तर माणूस ताठ मानेने येतो. शौचाची डबी आणायची असेल तर तीन पिशव्यांमध्ये गुंडाळून, वर वर्तमानपत्र लावून, इकडेतिकडे बघत येतो, जणू काही कुणाच्या घरून उचलून आणली आहे. असा कुणी जिन्याशी घुटमळला की मावशी खालून ओरडायची, "जा, वर जा! लाजू नोको. सगळ्यायच्याच पोटात तेच असते. आमचा जवाई चांगला माणूस हाय!" साऱ्या बाजाराला ऐकू जायचं. माझी दोन-तीन गिऱ्हाइकं तिच्या या जाहिरातीमुळे पळूनही गेली असतील.

हो, जवाई. मी तिचा कुणी नव्हतो. लॅब नवीन उघडली त्या आठवड्यात तिने मला हटकलं होतं, "कोन गावचा बे तू?" मी माझं गाव सांगितलं, ते तिला पसंत पडलं नाही. मग म्हटलं, सासुरवाडी देऊळघाट. झालं. मावशीने ताबडतोब डोक्यावर पदर घेतला, पोतं झटकलं आणि ती उठून उभी राहिली. गावची पोर ज्याला दिली तो अख्ख्या गावाचा जावई. त्या दिवसापासून बाजारात एकट्या मला "तुमी" आणि "जवाईबापू". शिळी भाजी मला कधी मिळाली नाही. मी स्वतः निवडलेली जुडी ती हातातून काढून घ्यायची आणि आतली दुसरी द्यायची. "जवायाले वरची नाही देत."

अशी ही बाई कधी आजारी पडलेली मी पाहिली नव्हती. साठीच्या पुढची, पण भाजीचं गाठोडं ऑटोतून एकटी उतरवून डोक्यावर घ्यायची. ऐन थंडीत तिच्या अंगात स्वेटर नाही, ऐन उन्हाळ्यात तक्रार नाही. कुणी शिंकलं की ती म्हणायची, "काय खाऊन राह्यला तू? कच्चं खाय, हिरवं खाय. माह्याकडं पाह्य." आणि दंड दाखवायची.

पावसाळा सरत आला तेव्हा मला काहीतरी वेगळं दिसायला लागलं. मावशी जागेवरून सारखी उठायची. शेजारच्या लसूणवालीला "जराक पाह्य व" म्हणायची आणि बाजाराच्या मागच्या बाजूला जायची. आली की चेहरा उतरलेला. पोट फुगतं, गुरगुरतं, आंबट-खवट ढेकरा येतात, असं तिने लसूणवालीला सांगितलं होतं, आणि लसूणवालीला सांगितलं म्हणजे दवंडी पिटायची गरज नाही. आधी ओवा झाला, मग डाळिंबाची साल, मग मेडिकलवाल्याने दिलेल्या गोळ्या. दोन दिवस बरं वाटायचं, की पुन्हा तेच. महिना उलटला. बांगड्या मनगटावर थांबेनात, कोपरापर्यंत सरकू लागल्या. बाजारातल्या बाया हळू आवाजात बोलू लागल्या. इतकं बारीक झालेलं माणूस पाहिलं की लोकांच्या तोंडी दोनच आजार येतात, आणि दोन्हींची नावं ते कुजबुजूनच घेतात.

मावशीला भीती आजाराची होतीच. तिची मोठी बहीण अशीच वाळत गेली होती, आणि तिचीही सुरुवात पोटापासूनच झाली होती. पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. तिचा मुलगा गरीब स्वभावाचा, आईवर जीव असलेला. त्याचं एकच म्हणणं, "माय, लय झालं. आता बाजार सोड, घरी बस." सूनही तेच म्हणायची. मावशी त्यांना आजवर दंड दाखवून गप्प करत आली होती. आता दाखवायला दंडच उरला नव्हता. एकदा मी जिना उतरताना तिने मला थांबवलं. "जवाईबापू, घरी गोष्ट काढजा नोको. पोराले समजलं त मले घरीच बसवते. घरी बसून काय भिंतींशी बोलू? या पायरीवर बसते तवर मी हाय." मी मान डोलावली. तिच्या इतक्या जवळ मी कधी उभा राहिलो नव्हतो. हनुवटी एवढीशी झाली होती.

माझ्या बायकोने तिला जवळजवळ ओढतच डॉक्टरांकडे नेलं. आमच्या गल्लीतच त्यांचा दवाखाना. डॉक्टर तरुण, शांत, घाई न करणारे. त्यांनी रक्त, लघवी, शौच, सगळं तपासायला सांगितलं. रक्त देताना मावशीने हात असा पुढे केला की जणू बांगड्या भरायच्या आहेत. रक्ताचे रिपोर्ट मी स्वतः दोनदा पाहिले. साखर ठीक, किडनी ठीक, लिव्हर ठीक. कुजबुजीच्या दोन आजारांपैकी जो रक्तात कळतो, तोही नाही. शौचाची डबी मात्र हातात देताच तिने ती मेथीच्या जुड्यांखाली सारली, जणू कुणी पाहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी डबी आली. तीन पिशव्या, वर फडकं, फडक्याला गाठ. मावशीने ती टेबलावर ठेवली आणि पाठमोरी होऊन जी निघाली ती थेट खाली. मी डबी उघडली आणि चक्रावलो. महिनाभर पोट चालू असलेल्या माणसाचा नमुना असा असतो होय? घट्ट, नीटनेटका, तक्रारीला जागा नाही असा. काचपट्टीवर घेऊन मायक्रोस्कोपखाली पाहिला. काही म्हणजे काही नाही. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "असं होतं. काही जंतू रोज पडत नाहीत, एखाद्या दिवशी लपतात. पुन्हा मागवा." पुन्हा मागवली. पुन्हा तीन पिशव्या, पुन्हा गाठ, पुन्हा तोच ठणठणीत नमुना.

मग डॉक्टर म्हणाले, आता अकोल्याला पाठवू या, आतड्यात दुर्बीण घालून पाहावं लागेल. त्यासाठी मुलाला बोलवावं लागेल, असंही म्हणाले.

त्या सकाळी मावशीने पोतं उघडलंच नाही. गाठोडं तसंच बांधलेलं, ती पायरीवर बसलेली, आणि गिऱ्हाईक आलं तर हाताने "पुढं जा" अशी खूण करायची. मी लॅब उघडायला आलो तो तिथेच थबकलो. वर जायला तिला ओलांडून जावं लागलं असतं, म्हणून मीही तिच्या शेजारी पायरीवर टेकलो. जावई शेजारी बसला तरी तिने पदर सारखा केला नाही, तेव्हा मला खरी धास्ती वाटली.

"जवाईबापू, एक सांगू? रागावजा नोको."

"सांगा ना."

"ते माहं नव्हतं."

"काय तुमचं नव्हतं?"

"ते. डबीतलं." तिने मान खाली घातली. "आमच्या बुढ्याचं होतं."

बुढा म्हणजे तिचा नवरा. "दोन्ही वेळा?"

"हाव. दोन्ही येळा त्याचंच. माहं कसं देऊ व माय? गावच्या जवायाले कोनी असं देते का? जवायाच्या ताटात आमी शिळी भाकर वाढत नाही, अन् त्याच्या टेबलावर मी हे नेऊन ठेवू?"

"अहो मावशी, पण सगळ्या बाजाराला तुम्हीच तर ओरडून सांगता, लाजू नका, वर जा!"

"लोकायचे तुमी जवाई थोडीच हा!"

मी आधी हसलो. खूप हसलो, लसूणवाली वळून पाहायला लागली. मग मावशीकडे पाहिलं तर तिच्या डोळ्यांत पाणी. दुर्बीण, अकोला, मुलगा, घरी बसणं, हे सगळं तिला दिसत होतं आणि तरीही जावयाचा मान तिला मोडवत नव्हता. मला त्या बाईबद्दल इतकी माया कधीच वाटली नव्हती. माझ्या सख्ख्या सासूनेही मला इतकं मोठं कधी मानलं नसेल.

तोड माझ्या बायकोने काढली. ती म्हणाली, "मावशी, मी गावची लेक. माह्या हाती द्यायले काय लाज? मी नेऊन ठेवते, यायले काय समजते कोनाची हाय." मला अर्थातच समजणार होतं, पण असं बोललं जाणं गरजेचं होतं. मावशीने बराच विचार केला आणि एक अट घातली. मला निरोप आला, "जवाईबापूले सांग, डोये मिटून पाहा म्हणा."

मी डोळे उघडे ठेवूनच पाहिलं. नमुना ताजा होता, पाण्यासारखा. थेंब काचपट्टीवर घेतला, वर मिठाच्या पाण्याचा थेंब, भिंग फिरवलं, आणि बघतो तर ते समोर. नासपतीच्या आकाराचा जीव, मागे बारीक शेपट्या, वाऱ्यात गळून पडणारं पान जसं डुलत खाली येतं तसा डुलत चाललेला. आणि पुढच्या बाजूला शेजारी शेजारी दोन गोल, अगदी डोळ्यांसारखे. पुस्तकात त्याचं नाव जिआर्डिया. एक नाही, झुंडच होती. मला इतका आनंद झाला की मी खिडकीतून खाली ओरडलो. दुसऱ्याच्या पोटातले जंतू पाहून हरखणारा माणूस तुम्हाला विचित्र वाटेल, पण अकोल्याची दुर्बीण टळली होती.

मावशीला वर बोलावलं. तिने एक डोळा हाताने झाकला, दुसरा भिंगाला लावला आणि दचकून मागे सरली.

"व माय! हा त मले पाहून राह्यला!"

पुन्हा वाकली. यावेळी बराच वेळ पाहत राहिली. "एवढासा हाय. अन् यानं मले एवढी वाळवली?"

फोन करताच डॉक्टरही लॅबमध्ये आले आणि त्यांनी तिला नीट समजावलं. हा परजीवी आहे, पोटातल्या आतड्याला चिकटून राहतो आणि खाल्लेलं अंगी लागू देत नाही. मावशीचा मुद्दा एकच होता, की असले किडे अशक्त माणसाला होतात, तिच्यासारखीला काऊन झाला? डॉक्टर म्हणाले, "मावशी, हा ताकद बघून येत नाही. धडधाकट माणसालाही होतो. तुमच्या अंगात जोर आहे म्हणून तर महिनाभर गाठोडं उचलत राहिलात. पण जोर होता म्हणून तो आपोआप गेला नाही, त्याला गोळ्याच लागतील." मग त्यांनी विचारलं, पाणी कुठलं पिता, कच्चं काय खाता, घरात आणखी कुणाला त्रास आहे का. घरात कुणाला नव्हता. घरात कच्चं खाणारी ती एकटीच. मुलगा आणि सून शिजवलेलं खाणारे. बुढ्याच्या तोंडात दातच नाहीत, तो दुधात कुस्करलेल्या भाकरीवर जगत होता.

"मी त धुऊनच खाते," मावशी म्हणाली. "टाक्यात धुते अन् मंगच चाखते."

डॉक्टरांनी टाक्याबद्दल विचारलं. पाणी किती दिवस साचतं, तिथे आणखी कोण येतं. मावशी सांगत गेली. म्हशी तिथेच पाणी पितात. रोजाने आलेली माणसं हातपाय धुतात. पावसात वरच्या वावरातलं पाणी वाहून त्यातच पडतं. बोलता बोलता तिचा आवाज हळू होत गेला. डॉक्टर एवढंच म्हणाले, की नक्की तिथूनच आला असं सांगता येत नाही, पण येऊ शकतो.

मावशी उठली. जिना उतरून जागेवर गेली, पोतं उघडलं. एक जुडी उचलली, झटकली, काडी मोडली, आणि ती काडी हातातच राहिली.

"मी खाल्लं, आता तू खाय, असं म्हणत आली मी लोकायले," ती मला संध्याकाळी म्हणाली. "म्हंजे मी हेच चारलं का हो सगळ्यायले?"

मी म्हटलं, तसं काही सांगता येत नाही. आणि खरंच, तिच्या भाजीने कुणाला काही झालं की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. पण तिला मात्र उत्तर मिळालं होतं.

गोळ्या सुरू झाल्या. तोंडात तांब्याची नाणी ठेवल्यासारखी चव येते म्हणून तिने त्रागा केला, पण एकही चुकवली नाही. त्या दिवसांत तिला सांभाराची चव कळेना. प्रत्येक गिऱ्हाइकाला ती आधीच सांगून टाकायची, "आज मी नाही खाल्लं बरं. तुह्या भरोशावर ने." आठवडाभरात पोट थांबलं. भूक आली, ती अशी आली की लसूणवालीच्या डब्यातली चटणी संपू लागली. तपासणीची डबी पुन्हा एकदा बायकोच्या हाती आली आणि यावेळी तो डोळेवाला जंतू कुठेच नव्हता. मी खिडकीतून "गेला!" म्हणून ओरडलो, तर तिने खालून सगळ्या बाजाराला सांगितलं, "गेला माहा डोयेवाला!" कुणाला काही कळलं नाही, पण सगळे हसले.

तिचा मुलगा एवढ्यात येऊन गेला होताच. लसूणवालीची दवंडी देऊळघाटपर्यंत पोचायला कितीसा वेळ लागणार! तो म्हणाला, आता तरी बस. मावशी म्हणाली, पोट बरं झालं ना? मंग!

पण जागेवरचं संकट अजून टळलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात मावशीने पोतं उघडलं आणि बाजार अवाक झाला. मुळं मातीने भरलेली, पानांवर चिखलाचे वाळके शिंतोडे. टाक्यात बुचकळणं तिने बंद केलं होतं. जी बाई आयुष्यभर मातीच्या जुड्यांना नाक मुरडत आली, ती आता स्वतःच त्या मांडून बसली होती. गिऱ्हाइकं थांबायची, पाहायची आणि पुढे जायची. एकाने टोमणा मारला, "आजी, आता माती इकून राह्यली का?"

"माती फुकट हाय," मावशी म्हणाली. "सांभार घरी नेऊन तुह्या नळाच्या पाण्यानं धू. चांगला दोनदा धू. मंग खाय."

धंदा बसला. संध्याकाळी अर्ध्या जुड्या परत जायच्या. सून एक दिवस तिला न्यायला आली आणि माझ्यासमोरच म्हणाली, "आत्याबाई, लोकायले चमकतं पाह्यजे. नाही होत त सोडून द्या." मावशी जुड्या बांधत राहिली. "चमकतं मले बी पाह्यजे व. पण टाक्यातलं नाही." त्या दिवशी मला वाटलं, की डोळेवाल्याने जे केलं नाही ते ही माती करणार, तिला घरी बसवणार.

झालं उलटंच. ओला सांभार फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवशी काळा पडतो, कोरडा मातीचा चांगला टिकतो, हे बायकांच्या लक्षात आलं. गिऱ्हाईक एक एक करत परतलं. झटकल्यावर आता पाण्याऐवजी माती उडायची आणि ती पडायची नेमकी माझ्या बुटांवर. लॅबमध्ये माती नको म्हणून मी रोज पायरीवर बूट आपटायचो आणि रोज कुरकुरायचो. चाखण्याची सवय मात्र तिने सोडली नाही. घरून उकळलेल्या पाण्याची बाटली आणायची, जुडीतली एकच काडी त्या पाण्याने धुवायची, चावायची, डोळे बारीक करायची. "मी खाल्लं. आता तू घरी नेऊन धू, अन् खाय." वाक्य लांबलं होतं. पण तिने ते कधी आखूड केलं नाही.

मागच्या हिवाळ्यात मावशी गेली. पोटाने नाही, वयाने. त्याच आठवड्यापर्यंत ती पायरीवर बसत होती, घरी कुणी तिला बसवू शकलं नाही. काही दिवस पायरी रिकामी राहिली. दुसऱ्या कुणीही तिथे पोतं अंथरलं नाही, आणि मीही जिना चढताना कडेकडेने चढायचो.

मग एके सकाळी पायरीवर पुन्हा पोतं दिसलं. सून बसली होती, जी सोडून द्या म्हणत होती तीच. मला पाहून तिने डोक्यावर पदर घेतला.

"या जवाईबापू."

मी वाकून एक जुडी निवडली. तिने ती माझ्या हातातून काढून घेतली आणि आतली दुसरी काढली. मागे ठेवलेली बाटली उचलली, एक काडी धुतली, चावली, डोळे बारीक केले. मग जुडी दोनदा झटकली. माती माझ्या बुटांवर पडली.

"मी खाल्लं," ती म्हणाली. "आता तुमी घरी नेऊन धुजा, अन् खाजा."

त्या दिवशी मी बूट न आपटताच वर गेलो.